टकळी, टीओसी आणि चौकटीची वही

(पोस्ट लांब आहे. सवडीने वाचा.)

मागच्या महिन्यात भाची घरी आली होती. इंजिनिअरिंगला आहे, कॉम्प्युटर सायन्स. सोबत प्रॅक्टिकलची फाईल आणली होती, कारण सोमवारी सही घ्यायची होती. विषय थिअरी ऑफ कॉम्प्युटेशन. पोट्टे त्याला 'टीओसी' म्हणतात आणि नाव काढलं की चेहरे पाडतात. फाईल चाळली. प्रत्येक प्रयोगात कॉम्प्युटरच्या पडद्याचं एक चित्र चिकटवलेलं. चार-पाच गोल, त्यांच्यातून जाणारे बाण, बाणांवर ० आणि १. खाली 'निष्कर्ष : प्रयोग यशस्वी झाला.'

मी विचारलं, हे गोल म्हणजे काय गं? ती म्हणाली, "मामा, ते स्टेट आहेत." बरं, आणि स्टेट म्हणजे? ती हसली. "ते नका विचारू. सगळ्यांनी एकाच फाईलवरून घेतलंय."

ज्या सॉफ्टवेअरमधून ती चित्रं काढली होती त्याचं नाव जेफ्लॅप. सुसान रॉजर नावाच्या अमेरिकन प्राध्यापिका आहेत, ड्यूक विद्यापीठातल्या. १९९० च्या दशकापासून त्या आणि त्यांचे विद्यार्थी मिळून हे सॉफ्टवेअर वाढवत आले. फुकट मिळतं. त्यांची अडचण साधी होती. हा विषय फळ्यावर शिकवला की पोरांना कळत नाही. वहीत काढलेलं यंत्र चालत नाही, त्यामुळे ते चुकलंय हेही कळत नाही. जेफ्लॅपमध्ये आपण गोल काढायचे, बाण जोडायचे, मग एक अक्षरमाला द्यायची आणि यंत्र एकेक अक्षर गिळत कुठून कुठे जातं ते डोळ्यांनी बघायचं. चुकलं की तिथल्या तिथे दिसतं. मोडा, पुन्हा जोडा. थोडक्यात, विचार हाताळता यावा म्हणून केलेली वस्तू. आमच्या भाचीपर्यंत पोचेतो तिचा चिकटवायचा फोटो झाला.

यात त्या पोरीचा दोष काढायला ही पोस्ट नाही. मीही असाच पास झालो, सोडवलेले पेपर पाठ करून. पण फाईल मिटताना वाटलं की हे आपण वर्धेकरांनी याआधी एकदा बघितलेलं आहे. तेव्हा फक्त कॉम्प्युटर नव्हता, टकळी होती.

आता थोडं मागे जाऊ. १९३६ साली, ३० एप्रिलला, गांधीजी वर्ध्याहून शेगावला राहायला गेले. तेच पुढे सेवाग्राम झालं. त्यानंतर महिन्याच्या आत, २८ मे १९३६ ला, लंडन मॅथेमॅटिकल सोसायटीकडे एक निबंध पोचला. लिहिणारा अॅलन ट्युरिंग, वय वर्षं २३. आज ज्याला सैद्धांतिक संगणकशास्त्र म्हणतात, म्हणजे यंत्राला काय काय मोजता येईल, काय कधीच येणार नाही आणि किती कष्टात येईल याचा अभ्यास, त्याच्या पायाभूत निबंधांपैकी हा एक. त्या वेळी 'कॉम्प्युटर' हा शब्द माणसाला लावत. बसून आकडेमोड करणारा तो कॉम्प्युटर. ट्युरिंगने विचार सुरू केला तो अशा माणसापासूनच. तो कागदावर खुणा करतो. कागद चौकटींचा आहे असं धरू, लहान मुलांच्या गणिताच्या वहीसारखा. हे मी पदरचं सांगत नाही, मुलांच्या गणिताच्या वहीचा दाखला त्याच्या निबंधातच आहे. माणूस एका वेळी एक चौकट बघतो, मनाच्या एका स्थितीत असतो, चौकटीत काय आहे आणि मनःस्थिती काय आहे यावरून पुढचं पाऊल ठरतं. लिहितो, खोडतो, डावी-उजवीकडे सरकतो. बस. जगातली सगळी आकडेमोड या एवढ्यात बसते, असं त्याचं म्हणणं. आणि मग त्याने दाखवून दिलं की काही प्रश्न असे आहेत जे असं कुठलंच यंत्र सोडवू शकत नाही.

म्हणजे टीओसी नावाचा हा भयंकर विषय जन्माला आला तो पहिलीतल्या पोराच्या चौकटीच्या वहीतून. शेगाव आणि केंब्रिज यांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. ट्युरिंगला वर्धा माहीत असायचं कारण नाही आणि गांधीजींना ट्युरिंग. पण दोन्हीकडे प्रश्न एका जातीचा होता. हाताने करायच्या साध्या कामाच्या पोटात विचार कुठे असतो?

वर्ध्यात त्याचं उत्तर द्यायचा प्रयत्न झाला तो पुढच्या वर्षी. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७. मारवाडी विद्यालयाचा (तेच पुढे नवभारत विद्यालय झालं) रौप्यमहोत्सव होता, त्याला जोडून राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली. अध्यक्ष गांधीजी. प्रांतांमध्ये नुकतीच काँग्रेसची मंत्रिमंडळं आली होती. शाळांना पैसा लागणार आणि तो बराचसा यायचा दारूवरच्या करातून. दारूबंदी करायची तर शाळा कशावर चालवायच्या? आपल्या दारूबंदीच्या जिल्ह्याला हा पेच नवा वाटू नये. गांधीजींचं म्हणणं, मुलांच्या हातांनी होणाऱ्या कामातून शाळेचा खर्च, निदान मास्तरांचा पगार, निघावा. पण त्याहून मोठं म्हणणं असं की शिक्षण त्या कामातूनच व्हावं. काम एकीकडे आणि पुस्तक दुसरीकडे असं नाही.

परिषदेत सगळ्यांनी माना डोलावल्या असं समजू नका. प्रा. के. टी. शाह यांनी खर्च भागवण्याच्या कल्पनेला सरळ विरोध केला. मुलांकडून माल काढून घ्यायचा म्हटल्यावर शाळेचा कारखाना होईल ही भीती होती. झाकिर हुसेन यांनीही सांगितलं की कामातून शिकवणं ही कल्पना जगात अगदी नवी नाही, आणि स्वावलंबनावर नको तेवढा भर पडला तर घात होईल. गंमत म्हणजे अभ्यासक्रम तयार करायला समिती नेमली तिचे अध्यक्ष झाकिर हुसेनच, आणि शाहही तिच्यात. विनोबा, काका कालेलकर, किशोरलाल मश्रूवाला, जे. सी. कुमारप्पा, श्रीकृष्णदास जाजू, आर्यनायकम् आणि आशादेवी ही मंडळीही होती. समितीने डिसेंबर १९३७ च्या सुरुवातीला अहवाल दिलासुद्धा. जेमतेम सहा आठवड्यांत! आजकालच्या समित्यांना तेवढ्यात बैठकीची तारीख ठरत नाही. फेब्रुवारी १९३८ ला हरिपुरा काँग्रेसने योजना मान्य केली, त्याच वर्षी सेवाग्रामला हिंदुस्तानी तालीमी संघ सुरू झाला. जग या योजनेला 'वर्धा स्कीम' म्हणू लागलं. आपल्या गावाचं नाव असं जगात गेलं आणि आपल्याला आज ते फारतर एमपीएससीच्या वस्तुनिष्ठ प्रश्नापुरतं आठवतं.

त्या अहवालातलं वेळापत्रक मुद्दाम सांगतो. शाळा रोज साडेपाच तास. त्यातले ३ तास २० मिनिटं मूळ उद्योग. मातृभाषा ४० मिनिटं. समाजशास्त्र आणि विज्ञान मिळून ३० मिनिटं. व्यायाम १०, सुट्टी १०. आणि संगीत, चित्रकला व गणित, तिन्ही मिळून, ४० मिनिटं.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी चक्रावलो. गणिताला गाण्या-चित्रकलेसकट ४० मिनिटं? पण त्यांचा हिशेब वेगळा होता. गणित त्या ३ तास २० मिनिटांत व्हायचं होतं, टकळीवर. या जोडणीला नई तालीमवाले 'समवाय' म्हणत. काम आणि ज्ञान एकमेकांना चिकटलेलं, वेगळं काढता न येणारं.

आता टकळीवर गणित कसं? खादीचं माप ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको. ४ फुटांचा एक तार. १६० तारांची एक लटी. ४ लट्यांची, म्हणजे ६४० तारांची, एक गुंडी. चौकटीवर सूत गुंडाळायचं, फेऱ्या मोजायच्या. मग वजन करायचं आणि लांबी-वजनावरून सुताचा अंक काढायचा, बारीक की जाड. रोज किती तार, किती पेळू, किती वाया, कालच्यापेक्षा किती जास्त. गुणाकार, भागाकार, सरासरी, त्रैराशिक. आणि त्यातलं उत्तर चुकलं तर पुस्तकाच्या शेवटच्या पानावर बघायचं नाही, सूत पुन्हा मोजायचं.

इथवर बुनियादी शिक्षणाच्या पुस्तकांत सापडतं. पण मला भाचीची फाईल डोळ्यांसमोर ठेवून आणखी एक पाऊल टाकून बघायचं होतं. टकळी हे यंत्र म्हणून काय आहे?

कातणाऱ्याकडे बघा. तीनच अवस्था आहेत. एक, पीळ देत पेळूतून तार ओढणं. दोन, ओढलेला तार टकळीवर गुंडाळणं. तीन, तार तुटलेला. आणि घटना चार. 'हातभर झाला', 'गुंडाळून झालं', 'तुटला', 'जोडला'. ओढताना हातभर झाला की गुंडाळणं. गुंडाळून झालं की पुन्हा ओढणं. दोन्हीपैकी कुठेही तुटला की तुटलेली अवस्था. जोडला की परत ओढणं. तीन गोल काढा, बाण जोडा. झालं. टीओसीच्या पुस्तकात पहिल्या धड्यात ज्याला फायनाईट ऑटोमेटन म्हणतात, म्हणजे मोजक्या अवस्थांचं यंत्र, ते हेच. भाचीला कागदावर काढून दाखवलं तर म्हणाली, "एवढंच?" एवढंच. लिफ्ट, शेतातल्या मोटरचा स्टार्टर, एटीएम, सगळ्यांच्या पोटात असलंच काहीतरी आहे.

आता या यंत्राला आठवण किती? तार जोडल्यावर ते परत ओढू लागतं, पण हा पहिल्यांदा तुटला होता की दहाव्यांदा, ते त्याला माहीत नसतं. कुठल्या गोलात आहोत, एवढीच त्याची आठवण. मग मी तिला विचारलं, गुंडी पूर्ण झाली हे ओळखणारं यंत्र काढता येईल का? तिने विचार केला. "येईल. शून्य तार, एक तार, दोन तार... असा प्रत्येकाला एक गोल. ६४१ गोल लागतील." बरोबर. ६४० नाही, ६४१, कारण शून्याचाही एक. काढायला कंटाळवाणं, पण अशक्य नाही.

मग पुढचा प्रश्न. दोन कातणाऱ्यांच्या गुंड्या आल्या. आधी एकीचे तार एकामागून एक यंत्रापुढून जातील, मग दुसरीचे. तार कितीही असोत, ६४० असं बंधन नाही. दोन्हींत सारखे तार आहेत की नाही हे सांगणारं, मोजक्या गोलांचं यंत्र काढ.

इथे ती बराच वेळ गप्प बसली. दहा गोल घेतले तर अकरावा तार आल्यावर काय? शंभर घेतले तर? शेवटी तिचं तिलाच सुचलं की गोल संपले की यंत्राला आधीच्याच एखाद्या गोलात परत यावं लागणार. आणि एकदा का ते असं फिरून आलं, की तीच फेरी आणखी एकदा मारली तरी त्याला पत्ता लागणार नाही. म्हणजे पहिल्या गुंडीत एका फेरीचे तार जास्त घातले तरी ते 'सारख्याच आहेत' म्हणत राहील. फसलं. गोल कितीही वाढवा, मोजके असले की हे यंत्र फसणारच.

मित्रहो, हाच तो पंपिंग लेमा, ज्याच्या नावाने अख्खा वर्ग कापरं भरल्यागत करतो आणि ज्याची सिद्धता लोक शब्दन् शब्द पाठ करून पेपरात उतरवतात. मी काही शोध लावला नाही, मुद्दा शंभर पाठ्यपुस्तकांत आहे. मी फक्त अक्षरांच्या जागी सूत घेतलं.

मग प्रश्न पडतो. टकळीत एवढं सगळं होतं, तर नई तालीम बुडाली कशी?

राजकारण झालंच. आपण तेव्हा मध्यप्रांतात. इथे रविशंकर शुक्लांनी 'विद्यामंदिर' योजना काढली. तिच्या नावातल्या 'मंदिर' शब्दावरून मुस्लिम समाजात नाराजी झाली. १९३९ ला मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले, मग १९४२ आलं. स्वातंत्र्यानंतर सरकारांनी बुनियादी शाळांच्या पाट्या लावल्या खऱ्या. पण पाटी लावणं सोपं. मास्तरांना टकळी दिली, 'समवाय' कसा साधायचा ते बहुतेकांना कुणी नीट शिकवलं नाही. ते अवघडच आहे. सुतातून त्रैराशिक काढायला आधी मास्तरांच्या डोक्यात त्रैराशिक मुरलेलं लागतं. मग काय झालं? सूतकताईचा एक तास वेगळा झाला आणि गणिताचा वेगळा. तासभर निमूट टकळी फिरवायची, मग वही काढून पाढे पाठ करायचे. हात आणि डोकं पुन्हा वेगवेगळ्या खोल्यांत गेले. १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने मूळ कल्पनेतून 'कार्यानुभव' हा शब्द पुढे आणला. आणि कार्यानुभवाचं आपल्या शाळांत काय झालं ते माझ्या वयाच्या प्रत्येकाला माहीत आहे. बाजारातून आणलेलं तोरण, आईने विणलेला रुमाल, दादाने बनवलेली आगपेटीच्या काड्यांची झोपडी. मार्क पूर्ण.

भाचीची फाईल बघून मला तेच तोरण आठवलं होतं.

पण दुसरंही एक कारण आहे आणि ते टाळून पुढे गेलं तर ही पोस्ट खोटी होईल. आपल्या जिल्ह्यातल्या कितीतरी आई-बापांना टकळीची शाळा नकोच होती. ज्यांच्या घरी पिढ्यानपिढ्या हातानेच काम केलं, दुसऱ्याच्या शेतात कापूस वेचला, चामडं कमावलं, त्यांनी पोराला शाळेत घातलं ते हातातलं काम सुटावं म्हणून. त्यांना इंग्रजी हवं होतं, टेबल-खुर्ची हवी होती. वर्धा योजनेत सात वर्षं इंग्रजी नव्हतं. आणि ते लोक बघत होते की पुढाऱ्यांची, वकिलांची पोरं कुठल्या शाळेत जातात. डॉ. आंबेडकरांच्या मागे गेलेल्या समाजाने उच्च शिक्षणाचा, कायद्याचा, अर्थशास्त्राचा आग्रह धरला तो उगाच नाही. अमूर्त विचार हा वरच्यांचा आणि हातकाम खालच्यांचं, ही वाटणी या देशात फार जुनी आहे. गांधीजींना ती मोडायची होती हे खरं. पण टकळी फक्त गरिबाच्या शाळेत गेली की ती वाटणी मोडत नाही, घट्ट होते.

हे सगळं आज उकरून काढायचं कारण असं की तोच खेळ पुन्हा मांडला जातोय, कॉम्प्युटरच्या नावाने.

बाहेरच्या देशांत काय झालं ते थोडक्यात. १९६७ साली अमेरिकेत सीमोर पेपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लहान मुलांसाठी 'लोगो' भाषा केली. जमिनीवर चालणारं कासव, त्याला पोरं हुकूम देणार, इतकं पुढे जा, इतकं वळ, आणि त्यातून भूमिती शिकणार. पुढे १९९० च्या दशकात न्यूझीलंडमध्ये टिम बेल, सोबत इयन विटन आणि माइक फेलोज, यांनी आणखी धाडसी गोष्ट केली. कॉम्प्युटर सायन्स शिकवायचं, पण कॉम्प्युटर न वापरता. त्याचं नावच 'अनप्लग्ड', म्हणजे प्लग काढलेलं. खडूने जमिनीवर जाळं आखायचं, सहा पोरं एकेक आकडा घेऊन त्यावरून चालत जातात, भेटतील तिथे तुलना करतात आणि दुसऱ्या टोकाला क्रमाने लागून निघतात. ठिपक्यांच्या पाच कार्डांवरून, १, २, ४, ८, १६, द्विमान संख्या. खजिन्याच्या बेटांचा एक खेळ आहे. प्रत्येक बेटावरून दोन जहाजं सुटतात, अ आणि ब, कुठलं कुठे जातं ते विचारत विचारत पोरं नकाशा काढतात. तो नकाशा म्हणजे भाचीच्या फाईलमधले गोल आणि बाण. यातले फेलोज हे स्वतः सैद्धांतिक संगणकशास्त्रातले मोठे संशोधक. जमिनीवर खडूने आखायला त्यांना कमीपणा वाटला नाही.

आणि या साधनांचा उपयोग होतो का? अल्गोरिदम पडद्यावर हलते दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरबद्दलचे २४ प्रयोग एकत्र तपासून २००२ साली अमेरिकेतल्या तीन संशोधकांनी, हंडहाउझेन, डग्लस आणि स्टास्को यांनी, जे काढलं ते आर्यनायकम् दांपत्याला नवं वाटलं नसतं. पडद्यावर काय दिसतं यापेक्षा विद्यार्थी त्याच्याशी काय करतो यावर शिकणं जास्त अवलंबून असतं. नुसतं बघत बसला तर फारसं काही नाही. पुढे काय होईल ते आधी सांगायला लावलं, स्वतः घडवायला लावलं, तर फरक पडतो.

महाराष्ट्रात आपण कॉम्प्युटर शिक्षण घरोघरी नेलं ते मुख्यतः एमएस-सीआयटीमधून. २००१ साली एमकेसीएल स्थापन झालं आणि पाठोपाठ हा कोर्स आला. मी त्याला नावं ठेवणार नाही. देवळी-आर्वी-समुद्रपूरच्या पोरींनी पहिल्यांदा माउस हातात धरला तो त्या वर्गांत. पण त्यात शिकवतात ते कॉम्प्युटर वापरणं. कॉम्प्युटरचा विचार ही वेगळी चीज आहे. आयआयटी मुंबईत श्रीधर अय्यर यांच्या गटाने 'कॉम्प्युटर मस्ती' नावाची शाळेसाठी पुस्तकं केली, त्यांत बटणांच्या आधी विचाराची पायरी होती. २०१६ पासून एसीएम इंडियाचा 'सीएसपाठशाला' हा उपक्रम चालू आहे, शाळांत संगणकीय विचार शिकवायचा, बराचसा कॉम्प्युटरशिवाय. 'बेब्रास' ही मूळ लिथुआनियातली स्पर्धा त्यांनी भारतात आणली. ती मराठीतूनही देता येते. प्रश्न कोड्यांसारखे असतात, आधी काही पाठ असावं लागत नाही. आपल्या जिल्ह्यातल्या मास्तर मंडळींपैकी कुणी आपली पोरं बसवली असतील तर खाली जरूर लिहा.

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात परिच्छेद ४.२५ मध्ये माध्यमिकच्या आधीच्या टप्प्यावर कोडिंग आणायचं म्हटलंय. त्याच्या लगेच खाली, ४.२६ मध्ये, सहावी ते आठवीच्या पोरांनी दहा दिवस दप्तराविना सुतार, कुंभार, माळी यांच्याकडे काम शिकावं असं आहे. एकाखाली एक परिच्छेद. आणि मधे एक ओळ कोरी. कुंभाराच्या चाकात किंवा मागावर विणताना जो क्रम, जी पुनरावृत्ती, जी अट असते तोच कोडिंगचा गाभा आहे, हे कुणाच्या लक्षात आलं नसेल? कापडाचा आणि कॉम्प्युटरचा संबंध तर जुना आहे. १८०४ च्या सुमाराचा जकार्डचा माग भोकांच्या पट्ट्यांवर नक्षी वाचायचा, त्यावरून बॅबेजने कल्पना घेतली, आणि १८९० ची अमेरिकेची जनगणना हॉलेरिथने भोकांच्या कार्डांवरच मोजली.

मला भीती दोन्हीकडून वाटते. एक तर हे दहा दिवस आगपेटीच्या झोपडीसारखे होतील आणि कोडिंग भाचीच्या फाईलसारखं. दुसरी भीती जास्त खरी आहे. 'कॉम्प्युटरशिवाय कॉम्प्युटर सायन्स' हे ऐकायला गोड आहे, आणि ज्या शाळेची लॅब वर्षानुवर्षं कुलपात आहे, बिल न भरल्याने वीज कापलेली आहे, तिथे ते वरच्या अधिकाऱ्यांना फारच सोयीचं पडेल. शहरातल्या पोरांना लॅपटॉप आणि रोबोटचे किट, समुद्रपूरच्या पोरांना खडू आणि ठिपक्यांची कार्डं. टकळीची जी वाटणी झाली तीच पुन्हा. तेव्हा खडूचा खेळ आधी शहरातल्या इंग्रजी शाळांतही व्हावा, आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत खडूच्या पाठोपाठ चालू असलेली मशीनही यावी, हे एकदम मागायला हवं. अर्धं मागितलं तर अर्धंच मिळेल आणि तेही चुकीचं अर्धं.

सेवाग्रामला नई तालीमची आनंद निकेतन शाळा २००५ पासून पुन्हा सुरू आहे. तिथल्या परिसरात टकळी आणि चरखा अजून प्रदर्शनाची वस्तू झालेली नाही. तिथून जवळच इंजिनिअरिंगचं शिक्षण चालतं. वर्ध्याच्या टेकडीवर हिंदी विश्वविद्यालयात भाषा आणि तंत्रज्ञान एकत्र शिकवतात, आणि भाषेचं व्याकरण यंत्रासाठी लिहिणं हा टीओसीचाच चुलत भाऊ. एवढं सगळं काही किलोमीटरांत असताना टीओसीची पोरं एक दिवस सातवीच्या पोरांसोबत सूत कातायला का बसत नाहीत? सातवीच्या पोरांनी विचारायचं, हे गोल कशाला? आणि थर्ड इयरच्यांनी फोटो न चिकटवता उत्तर द्यायचं. खर्च पेळूंचा.

भाचीचं सांगायचं राहिलं. ६४१ गोलांचं गणित तिने वहीच्या मागच्या पानावर केलं, पेन्सिलीने. फाईलमध्ये मात्र आधीचीच चित्रं ठेवली, कारण सोमवारी सही घ्यायची होती आणि सगळ्यांच्या फाईली सारख्या लागतात. सही झाली.

जाता जाता एक विचारतो. तुमच्यापैकी किंवा तुमच्या घरच्या म्हाताऱ्या मंडळींपैकी ज्यांनी शाळेत खरोखर टकळीवर सूत कातलंय, त्यांना विचारून सांगा : तार मोजताना गुरुजी काही विचारायचे का, की नुसतीच गुंडी जमा करून घ्यायचे?